दार लोटू नका, सिस्टरबाई

खोलीत पाऊल टाकायच्या आधी तो कडी धरून दार दोनदा उघडमीट करून बघायचा. दार अडत नाही याची खात्री पटली की मग आत यायचा, आणि खुर्चीच्या अगदी कडेला, उजवा पाय दाराकडे काढून बसायचा. सवयीनं माझा हात दाराकडे गेला की लगेच म्हणायचा, "दार लोटू नका, सिस्टरबाई. मी कुठी पळून नाही जाऊन राह्यलो."

मी तेव्हा मनातल्या मनात चिडायचे. दवाखान्यात तीस वर्षं काढलेल्या नर्सला कोणी दाराबद्दल शिकवायला लागलं की राग येतोच. शिवाय त्या खोलीचं दार उघडं राहिलं की बाहेर केसपेपरच्या रांगेतले लोक माना लांब करून आत बघायचे, आणि दारू सोडायला आलेला माणूस म्हणजे सगळ्यांनाच फुकटचा तमाशा. पण त्याला रांगेतल्या लोकांचं काही वाटायचं नाही. त्याला फक्त दाराचं वाटायचं.

तो काळी-पिवळी जीप चालवायचा, दुसरबीड ते बीबी. आमचं गाव या दोन्हींच्या मधे, त्यामुळे ड्यूटीवर जाता-येता मी त्याच्याच जीपमध्ये असायचे. काळी-पिवळीत तुम्हीही कधी बसला असालच. ड्रायव्हर आणि त्याचं दार यांच्यामध्येसुद्धा एक माणूस कोंबलेला असतो, आणि ड्रायव्हर बिचारा मधोमध तिरका बसून गाडी हाकतो. यानं मात्र एका उन्हाळ्यापासून आपल्या उजवीकडे कोणाला बसवणं बंद केलं. बाकीचे ड्रायव्हर त्याला हसायचे. तो म्हणायचा, "हसा बे. मले दार लागते."

त्या उन्हाळ्याची गोष्ट सांगण्याआधी त्याच्या रागाची सांगते. माणूस तसा हसरा, बायाबापड्यांना हात देऊन चढवणारा. पण राग आला की रस्त्यात गाडी उभी करायचा, किल्ली काढायचा आणि भिरकावून द्यायचा शेतात. एकदा कापूस वेचायला निघालेल्या बायांनी गाडी भरलेली होती. मागून कोणीतरी म्हणालं, जरा लवकर चाल, ऊन चढते. झालं. किल्ली कपाशीत. मग अकरा बाया कमरेला ओटी बांधून किल्ली शोधताहेत, मी त्यांच्यात इस्त्रीची साडी सावरत वाकलेली, आणि हा बांधावर बसून हमसून हमसून रडतोय. त्यातली एक म्हणाली, "कापूस वेचायले निघालो होतो माय, किल्ली वेचून राह्यलो." तोही रडता रडता हसला. पण त्याच्या तोंडाला सकाळी आठ वाजता दारूचा वास येत होता, आणि तो मला एकटीलाच आला असेल असं नाही.

आता त्या उन्हाळ्याचं. आमच्या भागात कापूस घरातच साठवतात. भाव चढेल म्हणून एक खोली रिकामी करायची, ती आढ्यापर्यंत भरायची, आणि माणसांनी पडवीत झोपायचं. त्याच्या घरीही पेरणी तोंडावर आली तरी जुन्या कापसानं निम्मी खोली भरलेली होती. थोरल्या भावानं आणि आईनं मिळून ठरवलं की याची दारू सोडवायची तर याला कोंडायचं, आणि कोंडायचं तर कापसाच्या खोलीत. डोकं आपटून घेतलं तरी लागणार नाही, आणि ओरडला तरी आवाज शेजारी जाणार नाही. यात दुष्टपणा नव्हता बरं का. आई खिडकीतून भाकरी द्यायची आणि ओट्यावर बसून रडायची. रोज पिणाऱ्याची दारू अशी एकाएकी तोडली तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं, आणि मी त्या ओट्यावरून शंभर वेळा गेले असेन.

पाचव्या दिवशी त्याच्या बायकोनं कडी काढली आणि त्याच जीपमधून, दुसऱ्या ड्रायव्हरला घेऊन, त्याला आमच्याकडे आणलं. हात थरथरत होते, अंगात ताप होता, आणि तो सारखा अंगावरून काहीतरी झटकत होता. "मुंग्या हायेत, सिस्टरबाई. लाल. भिंतभर." मुंग्या नव्हत्या. दारू तुटल्यावर काही जणांना असं दिसतं, म्हणून डॉक्टरांनी औषधं दिली, सलाईन लावलं, आणि फाइलमध्ये लिहिलं की रुग्णाला अंगावर किडे दिसतात. तीन दिवसांनी मुंग्या गेल्या. फाइलमधलं वाक्य राहिलं.

बायको संग्रामपूरकडची. बोलायला मोजकी. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन ती माहेरी निघाली तेव्हा दवाखान्यात मला भेटायला आली, आणि त्याच्यासमोरच म्हणाली, "सहा महिने मी पाहतो. तोंडाले लावली नाही असं सिस्टरबाईनं सांगतलं तर वापस येतो. तुमच्या सांगण्यावर नाही, त्यायच्या." असा निकाल माझ्यावर टाकून ती एसटीत बसली. तो माझ्याकडे बघत राहिला. शाळेतलं पोर मास्तरकडे बघतं तसं.

तेव्हा आमच्याकडे दर मंगळवारी एक समुपदेशक सर यायचे. त्यांनी त्याची नस पहिल्याच दिवशी ओळखली. खोलीत बसलेच नाहीत. दवाखान्याच्या मागे कडुनिंबाखाली दोन खुर्च्या टाकल्या, आणि पुढे पुढे तर खुर्च्याही सोडून दोघं नुसते चालायचे. राग आला की वीस आकडे मोजायचे, असं सरांनी शिकवलं. याला आकडे जमेनात. मग सर म्हणाले, तुझे थांबे मोज. ते बरोब्बर जमलं. त्यानंतर गाडीत कोणी कटकट केली की हा किल्ली मुठीत घट्ट धरून पुटपुटायचा, "पूल, जिनिंग, शाळा, मारुती, पाण्याची टाकी..." मागच्या बायांना वाटायचं, देवाचं नाव घेतोय. एकजण तर हात जोडायची. पहिले तीन महिने किल्ली एकदाही शेतात गेली नाही.

मग सरांची जागाच बंद झाली, आणि त्यांच्याऐवजी एक लॅपटॉप आला. पलीकडे मोठ्या शहरातल्या एक मॅडम. मॅडम चांगल्या होत्या, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना नावं ठेवाल. कधी घाई नाही, कधी आवाज चढला नाही. आणि एक गोष्ट मला मान्य करावीच लागेल. सरांबरोबर तीन महिने चालून जे तो बोलला नव्हता, ते मॅडमना तिसऱ्याच वेळेला बोलला. मी उंबरठ्यावर स्टूल टाकून, दार पाठीनं अडवून बसलेली असायचे, म्हणून त्याची बाजू मला ऐकू आली. एकदा त्यानं किल्ली शेतात नाही, मुलीच्या दिशेनं फेकली होती. भुवईवर तीन टाके पडले होते. ते टाके मीच घातले होते, आणि मला सांगितलं होतं की पोरगी ओट्यावरून पडली.

ते संपल्यावर मी विचारलं, "सरांना नाही सांगितलं कधी?"

"सर मंगळवारी बजारात भेटायचे, सिस्टरबाई. भाजी घेताना. त्यायच्यासमोर मान कशी वर करू? ह्या मॅडम मले कुठी भेटणार हायेत?"

मला वाटलं, चला, यंत्रही कामाचं आहे.

पण कापसाचा हंगाम आला, माझी ड्यूटी लसीकरणाला लागली, आणि उंबरठ्यावर बसायला कोणी उरलं नाही. बंद दाराच्या खोलीत एकटा तो बसेना. मॅडम म्हणाल्या, हरकत नाही, तुमच्या फोनवरून बोला, फक्त आजूबाजूला कोणी नको. त्यानं आधी जीपमधून करून पाहिलं. टेकाडावर रेंज यायची, तिथं गाडी उभी करून, चारी दारं उघडून बसला. आता काळी-पिवळी उभी दिसली की आमच्याकडची माणसं येऊन बसतात. त्यांना विचारायचं असतं असं वाटतच नाही. मॅडमनी विचारलं, या आठवड्यात प्यावंसं कधी वाटलं का, तेवढ्यात मागून एक म्हातारी बोलली, "वाटते माय, पण पेत नाही. चांगला झाला आता." मॅडमना म्हातारी दिसली, तिच्या मागे आणखी चौघी दिसल्या. त्या दिवशी त्यांनी निक्षून सांगितलं की एकट्याची जागा शोधा, नाहीतर याचा उपयोग नाही.

त्याच्या घरात एकट्याची जागा एकच होती. पडवीत आई, भाऊ, भावजय, त्यांची पोरं, शेळी. कापसाच्या खोलीत कोणी नाही.

तो आपल्या पायानं तिथं गेला, हे मला अजून खरं वाटत नाही. मला त्यानं हे रस्त्यात सांगितलं, गाडी चालवता चालवता, माझ्याकडे न बघता. "दार उघडं ठेवतो मी. खिडकीजवळ बसतो. थांबे मोजतो. सहा महिन्याले आता किती, तीन आठवडे राह्यले." मी म्हणाले, "शाबास, भाऊ." याहून शहाणं काही मला सुचलं नाही.

ते वर्ष म्हणजे बीटी कपाशीलाही गुलाबी बोंडअळी लागली ते वर्ष. लोक बोंडं फोडून एकमेकांना दाखवत होते, कृषी केंद्रासमोर भांडणं होत होती. जो कापूस हाती आला तो तसाच किडका घरात भरला होता. हे सगळं मला ठाऊक होतं. वेचणाऱ्या बायांच्या हातावरचं पुरळ मीच रोज बघत होते. पण एक गोष्ट दुसरीला जोडायची तर माणसाला क्षणभर थांबावं लागतं.

त्या दुपारी मी एका वस्तीवर लस देत होते. मॅडमचा फोन आला. आवाज पहिल्यांदाच घाबरलेला. "सिस्टर, ते अंगावरून किडे झटकत होते, ओरडत होते, दार बडवत होते. मग फोन पडला. त्यांच्या फाइलमध्ये आधीचीही नोंद आहे. ते पुन्हा प्यायला लागले असणार. आजच दाखल करावं लागेल, आणि बंद वॉर्डात, कारण ते स्वतःला इजा करून घेतील."

दहा मिनिटांत त्याचा फोन. धाप लागलेली, जीभ जड झालेली. "सिस्टरबाई, कडी घातली कोणंतरी. अळ्या हायेत. खऱ्या हायेत. तुमी एकदा येऊन पाहून जा ना. एकदाच या."

त्याचं घर तिथून पायी वीस मिनिटांवर होतं. माझ्यासमोर बायांची रांग होती, डब्यातला बर्फ वितळत होता, आणि खरं सांगायचं तर मी त्याच्यावर भयंकर चिडले होते. तीन आठवडे राहिले असताना घातलीस ना माती, असं वाटून माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. मी म्हणाले, "भाऊ, गाडी येईल. गाडीत बसा. मुकाट्यानं बसा." आणि अँब्युलन्सला फोन केला. मग संग्रामपूरला केला. तिकडे तिनं पिशवी भरायला घेतली होती म्हणे. मी सांगितलं, "इतक्यात येऊ नकोस."

त्याच्या थोरल्या भावानं आणि आणखी दोघांनी त्याला धरून गाडीत बसवलं. अँब्युलन्सचं मागचं दार आतून उघडत नाही.

चौथ्या दिवशी त्याचे कपडे पाठवायचे होते म्हणून मी त्याच्या घरी गेले. आईनं कपडे काढून दिले आणि खाली मान घालून म्हणाली, "त्या रोजी कडी मीच घालून वावरात गेली होती, बाई. बकरी शिरते कापसात. तो अंदर हाये हे ध्यानातच नाही आलं." मी कापसाच्या खोलीचं दार उघडलं. उजेड आत पडला आणि भिंत हलल्यासारखी वाटली. गुलाबी, नखाएवढ्या अळ्या. भिंतीवर, खिडकीच्या गजांवर, दिव्याच्या वायरवर. मी उभी होते तिथं माझ्या निऱ्यांवर दोन चढल्या. आई म्हणाली, "रोजच हायेत. आम्ही झाडतो अन् टाकतो."

मी तिथूनच मॅडमना व्हिडिओ लावला आणि फोन भिंतीला नेऊन टेकवला. त्या म्हणाल्या, "मला अंधार दिसत होता, सिस्टर. अंधार आणि त्यांचे हात." त्यांना अळ्या दिसल्या नाहीत कारण त्या दीड-दोनशे कोसांवर होत्या. मी वीस मिनिटांवर होते.

रक्तात दारू नव्हती, हे तिकडे शहरातल्या वॉर्डात पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी कागदपत्रं फिरायला वेळ लागला. तो सतरा दिवसांनी परत आला.

त्याच्याआधी मी संग्रामपूरला गेले. फोनवर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून पाच तास एसटीत बसून गेले. सगळं सांगितलं, माझं चुकलं म्हणाले, त्यानं थेंबही घेतला नव्हता म्हणाले. ती गहू निवडत होती. हात थांबले नाहीत. "बाई, तुम्ही फोनवर नाही म्हणल्या. आता समोर येऊन हो म्हणून राह्यल्या. मी कोणतं खरं धरू?" पोरगी दारात उभी होती. भुवईवरची शिवण माझी होती, सरळ आणि बारीक आली होती. मी चहा घेतला आणि परतीची गाडी धरली.

तो आला तो शांत होऊन आला. इतका शांत की त्याच्या आईनं देवाला नारळ फोडला. जीप पुन्हा सुरू केली. पहिल्याच दिवशी मी थांब्यावर उभी होते, समोरून गाडी आली, आणि बघते तर त्याच्या उजवीकडे, त्याच्या आणि दाराच्या मधे, एक जाडजूड गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसलेला. तो मधोमध आक्रसून गाडी चालवत होता. माझ्याकडे बघून हसला. मी पुढच्या गाडीनं जाते म्हणाले.

मंगळवारी तो लॅपटॉपसमोर बसायला आला. दाराला हात लावला नाही, सरळ आत येऊन बसला, दोन्ही पाय खुर्चीखाली घेऊन. मी विचारलं, "भाऊ, दार उघडं ठेवू ना?"

"लावा," तो म्हणाला.

मॅडमनी विचारलं, राग येतो का? नाही. प्यावंसं वाटतं का? नाही. झोप? लागते. किडे वगैरे? "नाही दिसत." प्रत्येक उत्तराआधी तो थोडा थांबायचा, कोणतं उत्तर दिलं की सोडतात ते आठवत असल्यासारखा. मॅडमनी त्याची माफी मागितली, अगदी मनापासून. तो म्हणाला, "काही हरकत नाही, मॅडम." फॉर्ममध्ये सुधारणेच्या रकान्यात खूण करायची होती. मी केली. माझ्या नोकरीतली तेवढी एकच खूण मला पुसून टाकावीशी वाटते.

मीही माफी मागितली होती, पण चुकीच्या जागी. जीपमधून उतरताना, सुट्टे हातात देता देता. तो म्हणाला, "तुमी आल्या असत्या तर तुमाले दिसल्या असत्या." रागानं नाही. पाऊस पडला असता तर पीक आलं असतं, असं आपण बोलतो तसं.

संक्रांतीच्या सुमारास तो गेला. जीप भावाच्या दारात नीट लावलेली, किल्ली आईच्या हातात दिलेली. कुठं जातो ते बोलला नाही. घरच्यांनी विहिरी पाहिल्या, मी दवाखान्यात प्रत्येक गाडीच्या आवाजाला उठून खिडकीशी जात होते. तेरा दिवस.

चौदाव्या दिवशी सकाळी संग्रामपूरहून फोन आला. त्याच्या बायकोचा. "हे इकडे आले, बाई. कवाचे आलेत, दहा-बारा रोज झाले. मीच सांगतलं नाही कोणाले." मी खुर्चीत बसले. ती सांगत होती की तो पीत नाही, शेतात कामाला येतो, पोरीशी बोलतो. पण घरात पाऊल टाकत नाही. ओट्यावरच जेवतो, ओट्यावरच घोंगडं घेऊन झोपतो. "थंडी किती हाये इकडे डोंगराकडून. म्या म्हणलं, अंदर या, तर हासतात नुसते. आम्ही मायलेकी दार उघडं ठेवून झोपतो. आमचे बाबा म्हणतात, कुत्रे शिरतात, दार लाव. तुमचं ऐकतात ते. तुम्ही बोला."

मी नको नको म्हणेपर्यंत तिनं फोन त्याच्याकडे दिला. मागे कोंबड्या, पोरीचा आवाज, कुणीतरी भांडं घासत होतं. मी म्हणाले, "भाऊ, मी सिस्टर बोलते." मग विचारलं, "काही सांगायचंय का? मी येऊ का तिकडे?"

"नका येऊ एवढ्या दूर," तो म्हणाला. मग आवाज जरा खाली आणला, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. "तिले फक्त एवढं सांगा, सिस्टरबाई. म्हणा, दार लोटू नको. तो कुठी पळून नाही जाऊन राह्यला."